इफ यू कॅन बिलीव्ह युअर आईज अँड इअर्स

‘द मामाज अँड द पापाज’ या अमेरिकी लोक-पॉप गायकवृंदाचा पहिला स्टुडिओ अल्बम. १९६६ च्या प्रारंभी डनहिल रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. निर्माता लू ॲडलर. जॉन फिलिप्स, मिशेल फिलिप्स, कॅस एलियट आणि मूळचा कॅनडाचा डेनी डोहर्टी हे चौघे गायक. ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या वेस्टर्न रेकॉर्डर्स स्टुडिओत झाले. साथीला हॅल ब्लेन (ड्रम), जो ऑसबर्न (बेस), लॅरी नेक्टल (कळफलक वाद्ये) हे लॉस एंजेलिसमधील कसलेले वादक होते.

अल्बमची खरी दौलत म्हणजे स्वररचना. लोकसंगीतातील समूहगायनाची शिस्त जॉनने पॉपच्या लयीत आणली. दोन पुरुष व दोन स्त्रियांचे आवाज एकमेकांत मिसळूनही वेगळे ओळखू येतात. ‘कॅलिफोर्निया ड्रीमिंग’ हे जॉन व मिशेल यांनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात लिहिलेले गाणे आधी बॅरी मॅग्वायरसाठी मुद्रित झाले होते. त्याच मुद्रणावर पुढे मॅग्वायरच्या जागी डोहर्टीचा आवाज आला आणि बड शँकच्या आल्टो बासरीचा तुकडा जोडला गेला. आजही हा तुकडा गाण्याचा प्राण वाटतो. ‘मंडे, मंडे’ने बिलबोर्डच्या यादीत पहिला क्रमांक गाठला, शिवाय ग्रॅमी मिळवली. अल्बमही अव्वल ठरला.

बारा गाण्यांतली काही इतरांची आहेत. त्यांत लेनन-मॅकार्टनी यांचे ‘आय कॉल युअर नेम’ विशेष रंगले आहे. गाय वेब्स्टरने टिपलेल्या मुखपृष्ठावर चौघे न्हाणीघरातील टबात बसलेले आहेत. शेजारचे शौचपात्र आक्षेपार्ह ठरल्याने नंतरच्या आवृत्त्यांत ते मजकुराच्या पट्टीने झाकले गेले.