शिंक, कापूस आणि हिस्टामीन

निघताना शिंक झाली की मनुष्य क्षणभर थांबतो. हा शकुन आपल्याकडे इतका जुना आहे, की शिंकेचे कारण नाकातच शोधावे हे फारसे कोणास सुचले नाही. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी निघाली, आणि कापूस पिंजणाऱ्या खात्यातील माणसांस धूळ नाकात घेऊनच दिवस काढणे प्राप्त झाले. योगायोग असा, की पुढच्याच वर्षी जर्मनीत पॉल एर्लिक या तरुण विद्यार्थ्याने कणांनी गच्च भरलेल्या काही पेशी रंग देऊन ओळखल्या व त्यांस ‘मास्ट’, म्हणजे खाऊनपिऊन पुष्ट, असे नाव दिले. त्यांच्या पोटात काय आहे हे कळावयास पाऊण शतक लागले.

हिस्टामीन या द्रव्याचे शरीरावरील परिणाम डेल व लेडलॉ यांनी १९१० मध्ये वर्णिले. त्याचा साठा याच पेशींत असतो हे रायली व वेस्ट यांनी १९५३ मध्ये दाखविले. परंतु आम्हांस सर्वांत मौजेचा वाटतो तो मायनो व पॅलाडे यांचा १९६१ चा प्रयोग. त्यांनी उंदरांस हिस्टामीन टोचले व रक्तात काळे सूक्ष्म कण सोडले. बारीक शिरांच्या आतील पेशी फरशीप्रमाणे एकमेकींस लागून असतात. हिस्टामीन लागताच त्यांच्यामध्ये फटी पडल्या आणि काळे कण तेथे जाऊन अडकले. नाकाच्या अस्तरातही असेच घडते. वावडे असलेली धूळ आत शिरली की मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात. शिरा रुंदावतात, फटींतून रक्तातील पातळ भाग पाझरतो, अस्तर सुजून नाक चोंदते. जवळचे मज्जातंतू चाळवले की शिंक आलीच.

मग गिरणीतील प्रत्येक शिंकेचे खापर हिस्टामीनवर फोडावे काय? तसे नव्हे. कापसाच्या धुळीचा अर्क फुप्फुसाच्या तुकड्यातून हिस्टामीन बाहेर काढतो हे प्रयोगात दिसले आहे खरे. परंतु त्या धुळीत जंतूंचे विषही असते, आणि पुष्कळदा नुसता खरखरीत कणही नाकास पुरे होतो.

औषधाची कथा निराळीच. बोव्हे व स्टाउब यांनी १९३७ मध्ये पॅरिस येथे हिस्टामीनचा पहिला प्रतिबंधक शोधला. त्या वंशातील जुन्या गोळ्या शिरांवरील हिस्टामीनची जागा अडवितात, पण मेंदूतही शिरतात आणि झोप आणतात. घरी पडून असलेल्यास ती झोप गोडच लागेल. यंत्रमागापुढे उभ्या असलेल्याचा मात्र तीपायी हातही जायचा. सोलापुरात चादरी व टॉवेल आजही यंत्रमागावर निघतात. तेव्हा नाक पुसत आलेल्या कामगारास ‘काम कोणते करता?’ हे आधी विचारलेले बरे. मेंदूत फारशा न शिरणाऱ्या गोळ्या १९८० नंतर प्रचारात आल्या. तथापि सर्दीची म्हणून दुकानात मागितलेली गोळी पुष्कळदा जुन्याच घराण्यातली निघते.