धातु-फॉस्फेट जटिले व पुणे

धातु-फॉस्फेट जटिले : फॉस्फोरिक अम्लापासून मिळणाऱ्या फॉस्फेट गटातील ऑक्सिजनाचे अणू आपल्याजवळील इलेक्ट्रॉनांच्या जोड्या धातूच्या आयनास (विद्युत् भारित अणूस) देऊन त्याच्याशी जी संयुगे बनवितात, त्यांना धातु-फॉस्फेट जटिले म्हणतात. त्यांपैकी काही पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत राहतात, तर काहींत धातू व फॉस्फेट गट एकाआड एक जोडले जाऊन अखंड घन जालक तयार होते. काटेकोर अर्थाने पहिल्या प्रकारासच जटिले म्हणावयास हवे; परंतु दोहोंतील बंध एकाच जातीचा असल्याने प्रस्तुत नोंदीत दोहोंचा विचार केला आहे. शेतजमीन, धुण्याची पूड, मोटारगाडीचा पत्रा आणि रासायनिक उत्प्रेरक या वरवर पाहता असंबद्ध गोष्टींत ही संयुगे आढळतात. पुणे व त्याच्या परिसराच्या गेल्या शतकाच्या इतिहासात या चारही गोष्टी एकमेकींजवळ आल्या आहेत.

फॉस्फेट गटात मध्यभागी फॉस्फरसाचा एक अणू व त्याभोवती चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनाचे चार अणू असतात. असे गट सुटे राहू शकतात किंवा एखादा ऑक्सिजन सामाईक ठेवून त्यांच्या साखळ्या व कडी बनू शकतात. ऑर्थो-, पायरो- व मेटाफॉस्फेटे ही निरनिराळी संयुगे आहेत, हे टॉमस ग्रॅहॅम यांनी १८३३ मध्ये दाखवून दिले. परंतु धातूच्या अणूभोवती इतर गटांची मांडणी कशी होते याचा उलगडा आल्फ्रेड व्हेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या सिद्धांताने झाला. सुट्या व साखळीतील फॉस्फेटांचे वर्तन फार भिन्न असते. दुष्फेन पाण्यात सुटे फॉस्फेट घातल्यास कॅल्शियम फॉस्फेटाचा साका खाली बसतो. उलट ट्रायफॉस्फेटाची साखळी खेकड्याच्या नांगीप्रमाणे कॅल्शियमाच्या आयनास दोन-तीन बाजूंनी पकडते व त्याला विद्रावातच अडकवून ठेवते. लोखंडाच्या बाबतीत हे जटिलीकरण डोळ्यांना दिसते. फेरिक लवणाच्या पिवळसर विद्रावात फॉस्फोरिक अम्ल घातले की रंग नाहीसा होतो, कारण तयार झालेले जटिल रंगहीन असते. डायक्रोमेटाने लोहाचे अनुमापन करताना विद्यार्थी जे फॉस्फोरिक अम्ल ओततात ते याचसाठी. दर्शकाचा रंग योग्य क्षणी बदलावा म्हणून फेरिक आयन असा बांधून ठेवावा लागतो. बहुतेकांना ही कृती पाठ असते, तिचे कारण मात्र क्वचितच सांगता येते.

या रसायनशास्त्राचा सर्वांत जुना व सर्वांत मोठा प्रयोग जमिनीत चाललेला आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील काळी जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली, बहुधा चुनखडीयुक्त व किंचित क्षारधर्मी आहे. तीत घातलेले सुपरफॉस्फेट प्रथम पाण्यात विरघळते, पण थोड्याच काळात कॅल्शियम त्याला पकडते आणि क्रमाक्रमाने अधिकाधिक अविद्राव्य अशी कॅल्शियम फॉस्फेटे बनत जातात. सह्याद्रीच्या माथ्यावरील व कोकणातील जांभ्या जमिनीत हेच काम लोह व ॲल्युमिनियम करतात. दोन्हीकडे परिणाम एकच. शेतकऱ्याने विकत आणलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाच्या वाट्याला सामान्यतः १५ ते २० टक्केच येते, बाकीचे धातूंच्या स्वाधीन होते. भारताला लागणाऱ्या खनिज फॉस्फेटाचा मोठा भाग परदेशांतून आणावा लागत असल्याने ही केवळ प्रयोगशाळेतील बाब राहत नाही. स्फुरद खत पसरून न टाकता बियाण्याजवळ पेरून द्यावे व शेणखताबरोबर मिसळावे हा सल्ला याच ज्ञानावर आधारलेला आहे; शेणखत कुजताना निघणारी कार्बनी अम्ले धातूंना स्वतःकडे ओढतात व फॉस्फेट मोकळे होते. स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंचे कार्यही मुख्यतः असेच चालते. मातीतील उपलब्ध स्फुरद मोजण्याची पद्धतसुद्धा जटिलावरच उभी आहे. क्षारधर्मी जमिनीतील स्फुरद सोडियम बायकार्बोनेटाने काढून घेऊन (ऑल्सेन पद्धत, १९५४) त्यास मॉलिब्डेनमाशी संयोग करू देतात आणि मिळणाऱ्या निळ्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण ठरवितात. हाच निळा रंग वापरून सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२५ मध्ये रक्त व मूत्र यांतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत सिद्ध केली होती.

पुण्यातील या विषयाच्या आधुनिक इतिहासाचा प्रारंभ पाषाण मार्गावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपासून धरणे योग्य होईल. तिची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी बाळासाहेब खेर यांच्या हस्ते बसविण्यात आली व ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरूंनी तिचे उद्‌घाटन केले. पहिले संचालक म्हणून जेम्स विल्यम मॅकबेन (१८८२–१९५३) यांची निवड झाली. निवृत्तीच्या वयात एका नवस्वतंत्र देशातील संस्था उभारण्यासाठी आलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव प्रस्तुत विषयाशी दोन वेगवेगळ्या वाटांनी जोडले गेलेले आहे. साबणाच्या विद्रावात रेणू सुटे न राहता त्यांचे पुंजके बनतात, ही कल्पना त्यांनी ब्रिस्टल येथे असताना मांडली; आजच्या सर्व प्रक्षालकांचे शास्त्र तिच्यावर आधारलेले आहे. दुसरे असे की, काही झिओलाइट खनिजांतील छिद्रे लहान रेणूंना आत घेतात व मोठ्यांना बाहेर ठेवतात, हे पाहून १९३२ मध्ये ‘रेणवीय चाळणी’ ही संज्ञा त्यांनीच प्रचारात आणली. त्यांच्यानंतर आलेले जॉर्ज इंगल फिंच हे इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साहाय्याने घन पृष्ठभागांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनाची नळकांडी पाठीवर घेऊन चढलेले फिंच ते हेच. १९५७ मध्ये के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले.

मॅकबेन यांच्या हयातीत माहीत असलेल्या चाळण्या सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या होत्या. १९८२ मध्ये अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या एडिथ फ्लॅनिगेन व सहकाऱ्यांनी सिलिकॉन पूर्णपणे वगळून ॲल्युमिनियम फॉस्फेटाच्या चाळण्या तयार केल्या. यामागील हिशेब साधा आहे. ॲल्युमिनियमाची संयुजा ३ व फॉस्फरसाची ५. दोहोंची सरासरी ४, म्हणजे सिलिकॉनाइतकीच. ॲल्युमिनियम व फॉस्फरस यांची चतुष्फलके एकाआड एक बसविली की विद्युत् भाराच्या दृष्टीने उदासीन असे जालक तयार होते. मात्र उदासीन जालक उत्प्रेरक म्हणून फारसे उपयोगी नसते. फॉस्फरसाच्या काही जागी सिलिकॉन घातल्यास जालकावर ऋण भार उरतो, त्याची भरपाई हायड्रोजन आयन करतो आणि चाळणीला अम्लधर्म येतो. अशा सिलिकोॲल्युमिनोफॉस्फेटांना त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘सॅपो’ म्हणतात व प्रत्येकास क्रमांक असतो. ॲल्युमिनियमाच्या जागी कोबाल्ट, मॅग्नेशियम, जस्त किंवा मँगॅनीज बसविता येते आणि तेव्हा हा धातू फॉस्फेटांच्या वेढ्यात, खऱ्याखुऱ्या जटिलाप्रमाणे, चार ऑक्सिजनांनी बांधलेला असतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास पॉल रत्नसामी यांच्या नेतृत्वाखाली उत्प्रेरकांवरील कार्यास जोर आला. या गटाचे झायलिनांच्या रूपांतरणासाठी विकसित केलेले उत्प्रेरक बडोद्याच्या कारखान्यात वापरात आले, पण ते सिलिकॉनयुक्त झिओलाइटांचे होते. फॉस्फेटी चाळण्यांवरही येथे पद्धतशीर संशोधन झाले. सॅपो-११ व सॅपो-३१ यांवर प्लॅटिनम बसवून सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांना फाटे फोडण्याविषयीचा एस्. शिवशंकर व सहकाऱ्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वंगण तेल थंडीत गोठू नये म्हणून त्यातील मेणासारखे रेणू असे फाटेदार करावे लागतात, हे लक्षात घेतल्यास अशा अभ्यासाचे महत्त्व कळते. मोठ्या प्रमाणावरील यश मात्र या कुलातील सॅपो-३४ ला मिळाले. मिथेनॉलापासून एथिलीन व प्रोपिलीन बनविणारा तिच्यावर आधारलेला कारखाना चीनमध्ये बाओतौ येथे २०१० मध्ये सुरू झाला.

फिंच ज्या पृष्ठभागांचा अभ्यास करीत, त्यांचे कारखानी रूप पिंपरी-चिंचवड परिसरात पाहावयास मिळते. लोखंडाला फॉस्फोरिक अम्लाच्या विद्रावात ठेवून गंजरोधक थर देण्याची कृती इंग्लंडमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये शोधली. आकुर्डी, पिंपरी व भोसरी येथे १९६० नंतर स्कूटर, मालमोटारी व त्यांचे सुटे भाग यांचे उत्पादन वाढले तसा तिचा प्रसार झाला. लहान कारखान्यांत तिला ‘सेव्हन टँक’ असेच म्हणतात, कारण ग्रीस व गंज काढणे, मधली धुणी, फॉस्फेटिंग व अखेरचे पॅसिव्हेशन मिळून सात टाक्या लागतात. अम्ल पत्र्यास किंचित खाते, त्यामुळे पृष्ठभागालगतच्या विद्रावाची अम्लता घटते व नेमक्या त्याच जागी जस्त फॉस्फेटाचे सूक्ष्म स्फटिक चिकटून वाढतात. त्यांच्या खडबडीतपणामुळे रंग धरून राहतो. दाते व कॅमदंड यांसारख्या घासल्या जाणाऱ्या भागांना मँगॅनीज फॉस्फेट देतात. ते तेल शोषून ठेवते. या टाक्यांच्या तळाशी साचणारा लोह फॉस्फेटाचा गाळ व अखेरच्या टाकीतील क्रोमियम यांची विल्हेवाट ही मात्र डोकेदुखीच ठरली आहे. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये ज्याचा शेतीविषयक अभ्यास प्रसिद्ध केला, ते पिंपळे सौदागर गाव आता याच औद्योगिक नगराचा भाग आहे.

साखळीतील फॉस्फेटांचा इतिहास नदीकडे जातो. सोडियम ट्रायफॉस्फेट हे दुसऱ्या महायुद्धानंतर धुण्याच्या पुडीचा मुख्य घटक बनले. कॅल्शियमास बांधून ठेवण्याचे काम संपल्यावर ते सांडपाण्यात जाते, तेथे साखळी तुटते आणि सुटे फॉस्फेट उरते. मुळा, मुठा व पवना या नद्यांत आणि पाषाण तलावात माजणाऱ्या जलपर्णीला ते मैल्यातील नत्र व स्फुरदाबरोबर आयतेच मिळते. स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये व यूरोपीय संघाने २०१३ पासून कपडे धुण्याच्या पुडीतील फॉस्फेटांवर निर्बंध घातले. त्यांची जागा पुष्कळशी झिओलाइटाने, म्हणजे मॅकबेन यांच्या रेणवीय चाळणीने, घेतली. सांडपाण्यातील फॉस्फेट काढण्यासाठी तुरटी किंवा फेरिक क्लोराइड घालतात, पण त्यामुळे ते पुन्हा ॲल्युमिनियम व लोहाच्या कैदेत जाते व खत म्हणून मंदच ठरते. मॅग्नेशियम घालून मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटाच्या (स्ट्रुव्हाइटाच्या) रूपात ते वेगळे केल्यास पिकाला उपयोगी पडते. जपान व कॅनडा येथे असे प्रकल्प चालतात. पुण्याच्या पूर्वेकडील चुनखडीयुक्त जमिनीत मात्र स्ट्रुव्हाइट अम्लधर्मी जमिनीपेक्षा सावकाश विरघळते.