तारखेचं बिल कोण भरतं? मालेगाव खटल्याच्या सतरा वर्षांचा हिशोब

कोर्टात 'तारीख मिळाली' असं आपण सहज म्हणतो, जणू काही फुकटात मिळालेली वस्तू. प्रत्यक्षात प्रत्येक तारखेची किंमत कोणीतरी मोजत असतं, फक्त तिची पावती फाडली जात नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका खटल्यावरून हा हिशोब आज मांडतोय. पोस्ट लांबलचक आहे, सवडीने वाचा.

29 सप्टेंबर 2008. रमजानचा महिना, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. मालेगावच्या भिकू चौकात रात्री साडेनऊच्या सुमारास स्फोट झाला. सहा जण गेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. या खटल्याचा निकाल लागला 31 जुलै 2025 ला, म्हणजे सोळा वर्षं दहा महिन्यांनी. सातही आरोपी निर्दोष सुटले.

निकाल बरोबर की चूक, यावर इथे भांडायचं नाही. काही पीडित कुटुंबं त्याविरुद्ध हायकोर्टात गेली आहेत, ते काम हायकोर्टाचं आहे. आपला प्रश्न साधा आहे : मधली ही सतरा वर्षं गेली कुठे, आणि ती कोणाच्या खिशातून गेली?

त्याआधी नाशिकच्याच इतिहासातलं दुसरं टोक बघू. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात, 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. 119 दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हा कोर्ट किती फास्ट होतं, असं कोणी म्हणेल. पण तो खटला 1908 च्या खास कायद्याखाली चालला. ज्यूरी नाही, अपिलाची वाट नाही. सरकारला उरकायचं होतं, उरकलं. म्हणजे नुसता वेग हा काही न्यायाचा पुरावा नाही.

मधलं उदाहरणही नाशिकचंच आहे. नेवासा तालुक्यातल्या सोनईत 1 जानेवारी 2013 ला तीन दलित तरुणांची हत्या झाली. साक्षीदारांवर दबाव येईल या भीतीने खटला नाशिकला हलवला. 20 जानेवारी 2018 ला नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पाच वर्षं लागली. पाच वर्षंही कमी नाहीत, पण साक्षीदार हयात होते, कागद जागेवर होते. याचा अर्थ खटला चालवायचाच म्हटला तर चालतो.

आता मालेगावकडे या.

ऑक्टोबर 2008 मध्ये तपास एटीएसकडे गेला आणि अटका सुरू झाल्या. सुरुवातीला आरोपींना आपल्या नाशिकच्याच कोर्टात हजर करत होते. 26 नोव्हेंबरला एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे मुंबई हल्ल्यात शहीद झाले. जानेवारी 2009 मध्ये आरोपपत्र दाखल झालं. मोक्का लावल्यामुळे प्रकरण मुंबईच्या विशेष न्यायालयात गेलं होतं. मग मोक्का लागतो की नाही, यावरच वाद सुरू झाला. जुलै 2009 मध्ये विशेष न्यायालयाने मोक्का काढला, 2010 मध्ये हायकोर्टाने परत लावला, 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात त्याला पुन्हा धक्का बसला, आणि डिसेंबर 2017 मध्ये तो शेवटी गेला. कोणत्या कायद्याखाली खटला चालवायचा, हे ठरायला नऊ वर्षं!

दरम्यान 2011 मध्ये तपास एनआयएकडे गेला. पाच वर्षांनी, मे 2016 मध्ये, एनआयएने पुरवणी आरोपपत्र दिलं. त्यात एटीएसच्याच तपासावर प्रश्न उभे केले होते. एकाच सरकारी बाजूच्या दोन यंत्रणांची दोन वेगळी म्हणणी कोर्टापुढे आली.

30 ऑक्टोबर 2018 ला आरोप निश्चित झाले आणि डिसेंबर 2018 मध्ये पहिली साक्ष झाली. म्हणजे स्फोटानंतर दहा वर्षं एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला नव्हता. तोवर फक्त तारखा चालू होत्या.

साक्षी सुरू झाल्यावर तरी गाडी सुरळीत चालली का? मार्च 2020 मध्ये कोविडमुळे कामकाज थांबलं, ते वर्षाच्या शेवटी सुरू झालं. आरोपी हजर राहत नाहीत म्हणून कोर्टाला वेळोवेळी नाराजी व्यक्त करावी लागली. एका आरोपीवर तर 2024 मध्ये जामीनपात्र वॉरंट काढावं लागलं, आणि त्या तेव्हा खासदार होत्या. खटला एकूण पाच न्यायाधीशांच्या हातून गेला. अंतिम युक्तिवाद संपत आले असताना, एप्रिल 2025 मध्ये, न्यायाधीश ए. के. लाहोटी यांच्या बदलीचा आदेश निघाला. बदली कुठे, तर नाशिकला! नवा न्यायाधीश आला असता तर हजारो पानं पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली असती. शेवटी त्यांना मुदतवाढ मिळाली आणि 19 एप्रिलला निकाल राखून ठेवला गेला. 8 मे ही निकालाची तारीख होती, तीही पुढे गेली आणि 31 जुलै उजाडला.

या सगळ्याला एकच कोणी जबाबदार नाही, हे लक्षात घ्या. वकील तारखा मागतात हे खरं. पण इथे सरकारने तपासयंत्रणा बदलली, कायद्याचा वाद वरपर्यंत गेला, न्यायाधीश बदलत राहिले, आरोपी आले नाहीत, मध्ये साथ आली. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं आणि सुटं बघितलं तर प्रत्येक कारण पटण्यासारखंही होतं. बेरीज मात्र सतरा वर्षांची झाली.

आता बिल बघू.

पहिला खर्च साक्षीदाराचा. फिर्यादी पक्षाने या खटल्यात 323 साक्षीदार तपासले. मालेगावच्या माणसाला मुंबईच्या कोर्टात जायचं म्हणजे नाशिक, कसारा घाट करत पावणेतीनशे किलोमीटर. मालेगाव हे यंत्रमागाचं गाव. तिथल्या कामगाराचं गणित आठवड्याच्या पगारावर चालतं, कामाला खाडा झाला की तेवढे पैसे गेले. साक्षीसाठी गेलो आणि 'आज होणार नाही, पुढच्या तारखेला या' ऐकून परतलो, असं झालं तर भाडं गेलं, मजुरी गेली आणि पुढच्या वेळी जायची इच्छाही गेली. बेंगळुरूच्या 'दक्ष' या संस्थेने 2016 मध्ये देशभरातल्या पक्षकारांची पाहणी केली होती. फौजदारी प्रकरणातला माणूस दर तारखेला सरासरी 542 रुपये येण्याजाण्यावर घालवतो आणि 902 रुपयांची कमाई बुडवतो, असं त्यात आढळलं. हे दहा वर्षांपूर्वीचे भाव. हा खर्च कुठल्याही बजेटमध्ये दिसत नाही, कारण तो सरकार करत नाही, लोक करतात.

दुसरा खर्च आरोपीचा. या खटल्यातले दोन प्रमुख आरोपी आठ-नऊ वर्षं तुरुंगात राहून 2017 मध्ये जामिनावर सुटले आणि 2025 मध्ये निर्दोष ठरले. मालेगावातच 8 सप्टेंबर 2006 ला आणखी एक स्फोट मालिका झाली होती, तीत तीसहून अधिक माणसं गेली. त्यात अटक झालेले नऊ मुस्लिम आरोपींना जवळपास पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. तोपर्यंत त्यांच्यातला एक जण हयात नव्हता. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवा. एकीकडे हिंदू आरोपी, दुसरीकडे मुस्लिम आरोपी. आपापल्या बाजूचे लोक आपापल्या आरोपींसाठी हळहळतात. पण तारखेला जातधर्म नसतो, तिने दोघांचीही वर्षं सारखीच खाल्ली.

तिसरा खर्च सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा. विशेष न्यायालय, विशेष सरकारी वकील, दोन तपासयंत्रणांचे अधिकारी, पोलिस बंदोबस्त, मुद्देमाल सांभाळणं. पूल बांधला तर किती कोटींना पडला ते फलकावर लिहितात. खटला किती रुपयांना पडला, हे निकालपत्रात नसतं.

चौथा खर्च सगळ्यात महाग, तो म्हणजे पुरावा. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोर्टाने दाखवलेल्या बऱ्याच त्रुटी अगदी सुरुवातीच्या तपासातल्या आहेत. घटनास्थळाचा नकाशा नाही, बोटांचे ठसे नाहीत, नमुने दूषित झालेले. बॉम्ब त्या मोटारसायकलवरच होता हे सिद्ध झालं नाही. हे दोष तारखांमुळे आले नाहीत, ते पहिल्या दिवसापासूनचे होते. पण बाकीचं काम काळाने केलं. वीसहून अधिक साक्षीदार साक्ष होण्याआधीच वारले. तीसहून अधिक साक्षीदार फितूर झाले. काही जबाबांच्या मूळ प्रती कोर्टाच्या रेकॉर्डमधून गहाळ असल्याचं 2016 मध्ये उघड झालं आणि झेरॉक्सवरून वाद सुरू झाला. दहा वर्षांनी साक्षीदाराला 'त्या रात्री नेमकं काय पाहिलं' असं विचारलं तर तो काय सांगणार? आपल्याला गेल्या दिवाळीचं नीट आठवत नाही.

म्हणून उशिराचा फटका फक्त पीडितांना बसतो हे खरं नाही. उशिरामुळे खरं काय ते शोधायची संधीच जाते. आरोपी दोषी असतील तर ते सुटतात. निर्दोष असतील तर खरा गुन्हेगार कोण, हे कायमचं अंधारात राहतं. भिकू चौकातल्या सहा मृत्यूंबाबत आज कायद्याच्या भाषेत उत्तर एवढंच आहे : स्फोट झाला, माणसं मेली, कोणी केलं ते सिद्ध झालं नाही.

निकालात एक आकडा मात्र स्पष्ट आहे. मृतांच्या वारसांना प्रत्येकी 2 लाख आणि जखमींना प्रत्येकी 50 हजार रुपये भरपाई. कोर्टाने 95 जखमी ग्राह्य धरले. गुणाकार करा : 12 लाख आणि साडेसत्तेचाळीस लाख, एकूण साडेएकोणसाठ लाख. सतरा वर्षांच्या हिशोबात पीडितांच्या वाट्याला आलेली कागदावरची रक्कम एवढीच.

कायदा नाही म्हणून हे होतं का? नाही. जलद सुनावणी हा मूलभूत हक्क आहे, हे सुप्रीम कोर्टाने हुसैनआरा खातून प्रकरणात 1979 मध्येच सांगितलं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 309 सांगत होतं की साक्षी सुरू झाल्या की रोजच्या रोज चालवा, साक्षीदार हजर असेल तर खास कारण लिहिल्याशिवाय त्याला परत पाठवू नका. तहकुबी मागणाऱ्याकडून खर्च वसूल करायची सोयही त्यात होती. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम 346 मध्ये पक्षकाराला हाताबाहेरच्या कारणासाठी जास्तीत जास्त दोन तहकुब्या, असं लिहिलं आहे. पण ही मर्यादा पक्षकारांना आहे. न्यायाधीशाची बदली झाली, जागा रिकामी राहिली, सरकारने वकील नेमला नाही, तर त्या तारखेचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं, याचं उत्तर त्यात नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये नाशिक जिल्हा न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झालं. आनंदच आहे. पण इमारतीने खोल्या वाढतात. खोलीत न्यायाधीश बसलेला हवा, सरकारी वकील तयार हवा आणि ज्याला समन्स पाठवलं त्याची साक्ष त्याच दिवशी व्हायला हवी.

करण्यासारखं काय आहे? दोन गोष्टी सांगतो.

एक, मोठ्या खटल्यात साक्षीपुरावे चालू असताना न्यायाधीशाची बदली करू नये, ही मागणी वकील संघांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरावी. मालेगावच्या पीडितांना त्यासाठी स्वतः विनंती अर्ज करावे लागले. ते त्यांचं काम नव्हतं.

दोन, प्रत्येक निकालाच्या शेवटी एक तक्ता असावा : एकूण तारखा किती, त्यातल्या वाया किती गेल्या, आणि कोणामुळे. आरोपी, फिर्यादी पक्ष, कोर्ट की सरकार. शिक्षा कोणाला करायची नाही, फक्त लिहायचं. जे लिहिलं जातं त्याचीच लाज वाटते.

तोवर एक काम आपण घरबसल्या करू शकतो. तुमची किंवा घरच्या कोणाची केस चालू असेल तर मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडा, केसचा सीएनआर नंबर टाका. मागच्या सगळ्या तारखा दिसतात, त्या दिवशी काय झालं तेही बहुतेक वेळा दिसतं. एकूण तारखा मोजा, मग खरंच काम झालं अशा मोजा. शेजारी आपले बसभाड्याचे पैसे आणि बुडालेली मजुरी लिहा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मालेगावच्या त्या कुटुंबांना चढायची की नाही, हे विचारलंच गेलं नव्हतं. ते अजूनही चढतायत, आता हायकोर्टाची.