अंकीय ध्वनिमुद्रणाची परिभाषा व जात्यावरील ओव्या

बारामतीस मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) रचिलेल्या आर्यांच्या पोथ्या आपण जपतों. परंतु त्या काळच्या कीर्तनकाराचा स्वर कोणत्याही दप्तरांत सांपडावयाचा नाहीं. अक्षर टिकलें, स्वर गेला. जात्यावरील ओवीचें तसें होऊं नये म्हणून पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनीं एक लाखाहून अधिक ओव्या लिहविल्या. पुढें बर्नार्ड बेल यांनीं त्यांचें १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केलें. इंदापूर तालुक्यांतील निमगांव केतकीच्या ओव्याही त्या संग्रहांत आहेत. अशा साधनांची परिभाषा पोथीसंग्राहकांस ठाऊक असावी, एवढाच या टिपणाचा हेतु.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबाचें कंपन. जुन्या तबकडीवर तें खांचेच्या वळणांत व फितीवर चुंबकत्वाच्या चढउतारांत उमटे. अंकीय पद्धतींत त्या दाबाचें ठराविक अंतरानें मापन करून केवळ आंकडे लिहितात. एका मापनास ‘नमुना’ म्हणावें. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडीवर सेकंदास ४४,१०० नमुने असतात. कारण मानवी कानास सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकूं येतें, व कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने घेतल्यावांचून तो स्वर पुन्हां उभा करतां येत नाहीं. बिट म्हणजे शून्य अथवा एक. प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिल्यानें दाबाच्या ६५,५३६ पायऱ्या ओळखल्या जातात.

आतां प्रतींचा विचार. ‘वेव्ह’ हें बहुधा नमुने जसेच्या तसे ठेवणारें रूप. ‘फ्लॅक’ हा अक्षय संक्षेप होय. पोथींत लेखक पुनरुक्त पद न लिहितां पुढें २ चा आंकडा घालतो, तरी वाचणारा पूर्ण पाठ म्हणतो. तसाच हा प्रकार. ‘एमपीथ्री’ मात्र सक्षय. कानास सहसा न जाणवणारा अंश तो टाकून देतो. सीडीस सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात, तेथें एमपीथ्री बहुधा १,२८,००० बिटांत भागवितो. टाकलेला अंश परत येत नाहीं. आणि एमपीथ्रीवरून पुन्हां एमपीथ्री केल्यास, प्रतीवरून प्रत करितां पाठ बिघडावा तसा दोष वाढत जातो. उलट वेव्हची वा फ्लॅकची शंभरावी नक्कलही मूळाशीं तंतोतंत जुळूं शकते. ती जुळते कीं नाहीं हें तिच्या आंकड्यांवरून काढलेल्या पडताळा-अंकानें तपासतां येतें. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून पोथीच्या शेवटीं दिलेली ग्रंथसंख्या हेंच काम करी.

मजकडे एका घरांतून ओव्यांचें मुद्रण आलें, तें केवळ एमपीथ्री. मूळ फीत केर समजून टाकलेली. गाणारी कोण, गांव कोणतें, याचा कांहींच उल्लेख नाहीं. पुष्पिका फाटलेल्या पोथीहून त्याची अवस्था निराळी नव्हती.

म्हणून विनंति इतकीच कीं, जुनी फीत सांपडल्यास टाकूं नये. प्रथम अक्षय रूपांत नक्कल करावी. ऐकण्यापुरतें एमपीथ्री मागाहून करावें. गाणारीचें नांव तिच्या संमतीनें, तसेंच गांव, साल व मुद्रण करणारा यांची पुष्पिका जोडावी, आणि नकला दोन ठिकाणीं ठेवाव्या. मोरोपंतांच्या कीर्तनकाराविषयीं जें कोणास करतां आलें नाहीं, तें इंदापूरच्या दळणाऱ्या बायांविषयीं आपणांस करतां येण्यासारखें आहे.