पाठवलेल्यांचे गाव, राहिलेल्यांचे गाव

रत्नागिरीचा इतिहास लिहायचा म्हणजे रत्नदुर्गापासून आरंभ करावा आणि टिळकांच्या जन्मस्थानापाशी येऊन थांबावे, अशी एक वहिवाट पडून गेली आहे. भगिनींनो, ती वहिवाट मी आज मोडणार आहे. किल्ला आपल्या जागी आहे, दीपस्तंभही आहे. त्यांची काळजी नको. मला लिहायचे आहे ते या गावात कोण आले, कोण गेले आणि कोण मागे राहिले याविषयी.

आधी गेलेल्यांचे. आपल्या जिल्ह्यातून माणूस बाहेर जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. टिळक १८५६ साली येथे जन्मले खरे, पण दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे पुण्यास गेले. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर तर घरटी एक पुरुष लालबाग-परळला जाऊ लागला. गणपतीला नि शिमग्याला येणारा चाकरमानी आणि महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर, यांवर इथली घरे चालली. शेत लावले बायांनी, गुरे पाहिली बायांनी, सासूसासऱ्यांची दुखणी काढली बायांनी. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत अधिक. वर्तमानपत्रांनी याचे कौतुक केले. मुलींना येथे जगू दिले जाते हे त्यातले समाधान आहेच. पण त्या आकड्यात कितीतरी ओसऱ्यांवरची वाट पाहणेही मोजलेले आहे, हे मुंबईच्या संपादकांना कोण सांगणार?

जाण्याचा रस्ता समुद्राचा. आगबोट बंदरापासून दूर नांगर टाकी, मग पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, आणि वर चढताना लुगडे सावरायचे की पोर, हा प्रश्न. पावसाळा लागला की ही वाहतूक बंद. मधे सह्याद्री, त्यातले घाट वाहून गेलेले. म्हणजे चार महिने गाव जगापासून जवळजवळ तुटलेले. आणि नेमक्या याच गैरसोयीमुळे सरकारच्या नजरेस आपले गाव भरले. ज्याला लोकांच्या डोळ्यांआड ठेवायचे त्याला पाठवण्यास याहून बरी जागा कोणती?

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राणी सुपयालत व मुली यांसह बोटीवर चढवले. प्रथम मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलात रत्नागिरीस. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच सरकारने दिल्लीच्या बहादुरशहा जफरला रंगूनला नेऊन ठेवले होते. आता रंगूनकडचा राजा आपल्याकडे आला. धाकटी राजकन्या तर रत्नागिरीतच जन्मली, तेव्हा ती आपली माहेरवाशीणच म्हणायची. आज आपण पाहुण्यांना दाखवतो तो राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, म्हणजे राजाच्या वाट्याला तो पुरती सात वर्षेही आला नाही. १६ डिसेंबर १९१६ रोजी तो वारला. शव ब्रह्मदेशी नेऊ देण्यास सरकार राजी होईना. अखेर १९१९ मध्ये त्याला येथेच पुरले. शिवाजीनगरात जी समाधी आहे ती त्याची, आणि शेजारची त्याच्या धाकट्या राणीची.

राजाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला ओढ आहे ती थोरल्या राजकन्येची. मंडालेहून निघाली तेव्हा ती पाच वर्षांची, म्हणजे शहाणपण आले ते आपल्याच लाल मातीत. बरोबरीचा राजपुत्र येथे कोठून मिळणार? वर्षांमागून वर्षे गेली. राजवाड्यावर नोकरीस असलेल्या एका मराठी माणसावर तिचा जीव जडला. त्याचा संसार आधीच मांडलेला होता. १९०६ साली तिला मुलगी झाली, टूटू. त्या काळी गावाने काय बोलायचे ते बोलून घेतले असेल; आजही आपण कमी बोललो नसतो. राजाच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतले. राणी रंगूनला राहिली, तेथेच १९२५ मध्ये गेली. पण थोरली राजकन्या थोड्याच काळात लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीस आली आणि १९४७ मध्ये येथेच वारली. तिला कोणी पाठवले नव्हते, ती आपण होऊन आली. आईबापांची कैद जिथे झाली त्या जागेला तिने घर मानले.

आणि टूटू? ती इथेच लग्न करून राहिली, गरिबीत संसार केला, मुले वाढवली आणि २००० साली मोठ्या वयात गेली. राजाची नात, आणि भाषा आपल्यासारखी मराठी. त्याच वर्षी अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी निघाली आणि जगभरच्या वाचकांना थिबाची रत्नागिरी कळली. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनास येऊन गेले. टूटूने ते पाहिले असते तर काय म्हणाली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दुसरे पाठवलेले गृहस्थ आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. १९२४ च्या जानेवारीत सावरकरांना सोडले ते जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचे नाही या अटींवर. पूर्ण मुक्तता १९३७ मध्ये. त्या तेरा वर्षांविषयी मते वेगळी असू शकतात, आणि आपल्या मंडळात ती आहेतच. पण येथे सर्व जातींच्या बायकांची हळदीकुंकवे झाली, भागोजीशेठ कीरांच्या पैशाने १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले आणि त्यात सर्वांना प्रवेश मिळाला, हे घडलेले आहे. ज्या घरची सवाष्ण जन्मात उंबऱ्याच्या आत आली नव्हती तिला कुंकू लावायचे, याला त्या वेळच्या बायकांना काय धैर्य लागले असेल! सभेत भाषण करणाऱ्यांची नावे छापून येतात. करंडा हातात घेतलेल्यांची येत नाहीत.

पुढे आगबोट गेली आणि गाडीरस्ता वाढला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंचीचा पूल यांविषयी मी अधिक लिहीत नाही, ते आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. मात्र स्टेशन झाले गावाबाहेर, डोंगराच्या बाजूला, आणि गावाने हळूहळू समुद्राकडे पाठ फिरवली. मांडवीला आता आपण वारा खायला जातो. एके काळी तिकडे निरोप द्यायला जात असत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या ८० हजारांहून अधिक घटली. शहराची मात्र वाढून ७६ हजारांच्या पुढे गेली. खेडी रिकामी होतात आणि शहरात इमारतींवर मजले चढतात, असा हा हिशेब आहे.

या मजल्यांवर कोण राहते? संगमेश्वरची, लांज्याची माणसे, तशीच विजापूरकडची गवंडीकाम करणारी. आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबे, मिरकरवाड्याच्या होड्यांवर नेपाळी खलाशी. गेल्या वर्षी आपल्या सभेत “या उपऱ्या बायकांना सभासद करून घ्यायचे का?” असा प्रश्न निघाला आणि वादावादी झाली. कोणाचे नाव घेत नाही. विचारणाऱ्या ताई माझ्या जवळच्या आहेत, आणि वर्गणी भरून दोन महिन्यांत निघून जाणाऱ्यांचा त्यांना खरोखरच त्रास झालेला आहे. पण मी रत्नागिरीच्या मूळ रहिवाशांची यादी करू लागले तेव्हा माझी स्वतःचीच गाडी अडली. मी लग्न करून खाडीपलीकडून आलेली. शेजारच्या काकू देवरुखच्या. आपल्या चिटणीसबाईंचे सासरे बदलीवर आले नि राहिले. कार्यकारिणीतल्या अकरा जणींपैकी रत्नागिरी शहरात जन्मलेल्या भरल्या तिघी.

आपल्या सभासद-नोंदवहीत ‘मूळ गाव’ असा एक रकाना आहे. त्याच्या जागी ‘रत्नागिरीत केव्हापासून’ असे लिहावे, अशी सूचना मी चिटणीसबाईंकडे लेखी दिली आहे. वार्षिक सभेत ती मांडली जाईल. अनुमोदनास एक नाव हवे आहे.