गुणाकाराच्या नियमाची बेळगावी वाट

बेळगावजवळचं कंग्राळी बुद्रुक असो की खुर्द, मराठी शाळेतून दहावी होऊन सायन्सला गेलेल्या मुलांचं गणित पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, एकदम इंग्रजी होतं. वर्गमूळ, त्रिकोण, चक्रवाढ व्याज हे सारं मराठीत शिकलेलं असतं. पण लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह समोर येतात ते थेट परक्या भाषेतून. मग 'पहिला गुणिले दुसऱ्याचा डेरिव्हेटिव्ह, अधिक दुसरा गुणिले पहिल्याचा' हे पाढ्यासारखं पाठ केलं जातं. एनसीईआरटीच्या पुस्तकात या नियमाला लायब्निझचं नाव दिलेलं आहे. मागची हकिगत मात्र वर्गात क्वचितच निघते.

ती सांगण्यासारखी आहे. 11 नोव्हेंबर 1675. लायब्निझ तेव्हा पॅरिसमध्ये होता. दोन राशींच्या गुणाकारातला बदल म्हणजे त्यांच्या बदलांचा गुणाकारच का, असा प्रश्न त्याने आपल्या टिपणात लिहिला आणि पडताळून पाहिल्यावर तसं होत नाही हे त्याच्या ध्यानात आलं. खरा नियम त्याच्या कागदांत आला तो 21 नोव्हेंबरला, आणि छापून आला 1684 मध्ये. आज अकरावीतला मुलगा पहिल्या दिवशी जे चुकीचं लिहितो, तेच कलनशास्त्राच्या एका जनकाला आधी सुचलं होतं. शिक्षकांनी एवढं जरी सांगितलं, तरी मुलाची मान खाली जाणार नाही.

चूक नेमकी कुठे होते? मार्कंडेय नदीकाठचा शेताचा एक आयताकृती तुकडा घ्या. लांबी 100 फूट, रुंदी 60 फूट. बांध सरकवून लांबी 2 फुटांनी आणि रुंदी 1 फुटाने वाढवली. क्षेत्र 6000 चौरस फुटांवरून 6222 वर गेलं. वाढलेल्या 222 पैकी 120 एका बाजूच्या पट्टीचे, 100 दुसऱ्या बाजूच्या पट्टीचे आणि उरलेले 2 कोपऱ्यातल्या तुकड्याचे. बदलांचा गुणाकार करणारा विद्यार्थी फक्त हा कोपरा मोजतो आणि दोन्ही पट्ट्या सोडून देतो! आता वाढ निम्मी करा: पट्ट्या मिळून 110, कोपरा अवघा अर्धा. पट्ट्या निम्म्या झाल्या, कोपरा चौथाईवर आला. वाढ शून्याकडे नेत गेलं की कोपरा हिशेबातून निघून जातो आणि दोन पट्ट्या राहतात. त्या दोन पट्ट्या म्हणजेच नियमातली दोन पदं.

कोपरा टाकून देण्याचा हक्क कुणी दिला, यावर पुढे वाद झाला. न्यूटनने 1687 च्या 'प्रिन्सिपिया'त अर्धी वाढ पुढे आणि अर्धी मागे धरून कोपरा मुळात उद्भवूच दिला नाही. 1734 मध्ये बिशप बर्कलीने ही हातचलाखी उघडी पाडली. ती शंका रास्त होती. लिमिटची पक्की व्याख्या व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

आपल्याकडचा धागा जुना आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहाची तात्कालिक गती काढली. केरळात अच्युत पिषारटी यांनी 'स्फुटनिर्णयतंत्रा'त दोन राशींच्या भागाकाराचा बदल बरोबर मांडला, तोही लायब्निझच्या आधी. भास्कराचार्यांचं हे काम इंग्रजी वाचकांपुढे ठेवलं ते पुण्यात जन्मलेल्या बापूदेव शास्त्री यांनी, 1858 मध्ये, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. त्याआधीच 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्रावर मराठीत 'शून्यलब्धि' लिहिलं होतं. 1846 मध्ये, ऐन उमेदीत, बाळशास्त्री गेले; पुस्तक त्याआधीचं. म्हणजे हा विषय मराठीत सांगता येत नाही ही समजूत जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच खोटी ठरली आहे.

पण बेळगावात कॉलेजच यायला बराच वेळ लागला. लिंगराज कॉलेज 1933 चं, राणी पार्वतीदेवी कॉलेज 1945 चं. त्याआधी पुढचं शिकायचं तर कोल्हापूरचं राजाराम, सांगलीचं विलिंग्डन किंवा धारवाडचं कर्नाटक कॉलेज गाठावं लागे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि लिंगराज सुरू झालं तेही मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. 1956 मध्ये राज्य बदललं. उच्च गणिताची भाषा मात्र आधीही इंग्रजी होती आणि नंतरही इंग्रजीच राहिली.

आज याच शहरात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून हा नियम पदोपदी लागतो. परीक्षा इंग्रजीत आहे, ती राहू द्या. पण बेळगाव-निपाणी भागातल्या गणिताच्या शिक्षकांना एक विनंती आहे: सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी एक तास शेताचा आयत काढा, पट्ट्या मुलांनाच मोजू द्या आणि तो तास मराठीत घ्या.