शरदातील जेवण आणि वाइनची निवड : वाइन द्राक्ष उत्पादकांसाठी माहिती

नाशिक भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाइन द्राक्षांची फळछाटणी सुरू असते. त्याच सुमारास त्या वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये काढलेल्या द्राक्षांची ताजी पांढरी वाइन ग्राहकाच्या टेबलावर आलेली असते. वाइनरीतील उपाहारगृहे आणि कृषी पर्यटन केंद्रांवर पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो : या जेवणाबरोबर कोणती वाइन घ्यावी? उत्तर वाढणाऱ्याने द्यायचे असले, तरी वाइनची चव बरीचशी बागेत ठरलेली असते. काढणीच्या दिवशी मण्यात किती साखर आणि किती आम्ल होते, यावर ती वाइन कोणत्या पदार्थाला साथ देईल हे अवलंबून असते. म्हणून उत्पादकानेही ही जोडी समजून घ्यावी.

निवडीची मूळ सूत्रे

- आंबटपणा : आंबट वाइन तळलेल्या पदार्थाचा तेलकटपणा कापते. माशावर लिंबू पिळल्यावर जे होते, तेच येथे होते. पदार्थात चिंच किंवा कोकम असेल, तर वाइन निदान तेवढी आंबट हवी. नाहीतर ती पाणचट लागते.
- गोडी : किंचित गोड वाइन तिखट सौम्य करते. गोड पदार्थाबरोबर मात्र वाइन त्या पदार्थापेक्षा गोड असावी, अन्यथा ती आंबट लागते.
- तुरटपणा : लाल वाइनमध्ये साल आणि बियांतून तुरटपणा येतो. मटणातील चरबी व प्रथिनांबरोबर तो मऊ वाटतो. तिखट किंवा कडवट पदार्थाबरोबर तो बोचतो.
- मद्यार्क : मद्यार्क जास्त असेल, तर तिखटाची आग वाढते. झणझणीत रश्श्याबरोबर जड वाइन टाळावी.

शरदातील पदार्थ आणि योग्य वाइन

- तळलेले बोंबील, सुरमई, पापलेट : पावसाळी मासेमारी बंदी उठल्यानंतरच्या या हंगामात मासे भरपूर येतात. सोबत सोव्हिन्यॉन ब्लाँची कोरडी, थंड वाइन द्यावी.
- नारळाच्या रसातील माशाचे किंवा कोंबडीचे कालवण : किंचित गोडसर शेनिन ब्लाँ योग्य ठरते.
- काळ्या मसाल्याचे मटण व बाजरीची भाकरी : शिराझ द्यावी. तिच्यातील मिऱ्यासारखा वास मसाल्याशी जुळतो. रस्सा फार तिखट असल्यास झिनफंडेलची गुलाबी वाइन बरी.
- वांग्याचे भरीत : भाजल्याचा धुरकट वास आणि हिरवी मिरची, दोन्ही सांभाळणारी गुलाबी किंवा हलकी लाल वाइन निवडावी.
- मेथीची भाजी : तुरट लाल वाइन टाळावी, कडवटपणा वाढतो. शेनिन ब्लाँ चालते.
- चिवडा, चकली, शेव : खारट आणि कुरकुरीत पदार्थांबरोबर फेसाळ वाइन उत्तम लागते.
- करंजी, बेसनाचे लाडू : उशिरा काढणी केलेल्या द्राक्षांची गोड शेनिन ब्लाँच द्यावी.

उपवास आणि नैवेद्याच्या ताटाशी वाइनचा संबंध जोडू नये. पाहुण्याला आधी विचारावे, मगच सुचवावे.

चव बागेत कशी ठरते?

ब्रिक्स म्हणजे रसातील विद्राव्य घटकांचे, मुख्यतः साखरेचे, प्रमाण. आंबवण्याच्या क्रियेत दर एका ब्रिक्समागे साधारण 0.55 ते 0.6 टक्के मद्यार्क तयार होतो. काढणीची ढोबळ पातळी अशी :

- फेसाळ वाइन : 17 ते 19 ब्रिक्स, आम्लता जास्त
- ताजी पांढरी वाइन : 20 ते 22 ब्रिक्स, रसाचा सामू साधारण 3.2 ते 3.4
- लाल वाइन : 23 ते 25 ब्रिक्स, सामू साधारण 3.4 ते 3.6

आपल्याकडे काढणीच्या काळात ऊन वाढत जाते, तशी मण्यातील आम्लता झपाट्याने घटते. पांढऱ्या वाणाची काढणी लांबली, तर वाइनचा ताजेपणा जातो आणि ती माशाबरोबर मिळमिळीत लागते. लाल वाणाची काढणी फार लवकर केली, तर बिया हिरव्या राहतात आणि तुरटपणा कडक येतो. फार उशीर केला, तर मद्यार्क वाढतो आणि रश्श्याचे तिखट जास्त झोंबते. म्हणून ब्रिक्सबरोबर बियांचा रंग पाहावा आणि मणी चाखावा. बी तपकिरी व्हायला हवे.

उत्पादकाने घ्यायची काळजी

- खाण्याच्या द्राक्षाची सवय येथे चालत नाही. मण्याचा आकार वाढवण्यासाठी जिबरेलिक आम्ल वापरू नये. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त असते, आणि रंग व सुगंध सालीत असतो.
- पालाश माती व देठ परीक्षणानुसारच द्यावे. जास्त पालाशमुळे रसाचा सामू वाढतो आणि वाइन सपक होते.
- काढणीच्या अगोदर गंधकाची फवारणी टाळावी. अवशेष राहिल्यास आंबवताना कुजक्या अंड्यासारखा वास येऊ शकतो. तांब्याच्या अवशेषांमुळे सोव्हिन्यॉन ब्लाँचा खास सुगंध कमी होतो. प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळावा.
- काढणीच्या अंदाजाआधी दोन-तीन आठवड्यांपासून दर दोन-तीन दिवसांनी बागेच्या सर्व भागांतून, उन्हातील व सावलीतील घडांतून मिळून 100 ते 200 मणी घेऊन तपासावेत.
- काढणी पहाटे करावी, क्रेट दाबून भरू नये आणि माल लगेच वाइनरीत पोचवावा.

वाढताना

लाल वाइन सामान्य तापमानाला द्यावी असे म्हणतात, पण ते तापमान 16 ते 18 अंश सेल्सिअस असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात आपली खोली 30 अंशांच्या आसपास असते. म्हणून लाल वाइनची बाटलीही वाढण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. पांढरी वाइन 8 ते 12 अंशांवर, तर फेसाळ त्याहून थंड द्यावी. विक्री किंवा चव देण्यासाठी परवाना लागतो. कायद्यातील वयोमर्यादा पाळावी आणि वाहन चालवून परतणाऱ्याला वाइन देऊ नये.

लागवडीपूर्वी

वाइनचे वाण बाजार समितीत खपत नाहीत. मणी लहान, बियांचे, खायला न परवडणारे. 2008 नंतरच्या मंदीत वाइनरींची खरेदी घटली आणि नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांना उभ्या बागा काढाव्या लागल्या. म्हणून लेखी करार झाल्याशिवाय लागवड करू नये. करारात वाण, ब्रिक्सनुसार दर, आम्लता व सामूची अपेक्षा, काढणीची तारीख कोण ठरवणार आणि उचल न झाल्यास भरपाई किती, हे स्पष्ट लिहून घ्यावे. वाइनरी या द्राक्षांपासून कोणत्या प्रकारची वाइन करणार आहे, हेही विचारावे. त्यावरून छाटणी, घडांची संख्या आणि काढणीचे नियोजन करता येते. वाण व खुंटाच्या निवडीसाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.